विद्वत्ता खाली ठेवताना : पंडिता रमाबाई आणि म्हाताऱ्यांना कळणारी मराठी

१८७८ साल. २३ फेब्रुवारीला शेगावात देविदास पातुरकरांच्या घराबाहेर, उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाणारा एक तरुण बंकटलाल अगरवालांना दिसला. पुढे सगळा वऱ्हाड त्यांना गजानन महाराज म्हणून ओळखू लागला. बुलढाणा जिल्ह्यातल्या पोराला ही तारीख पाठ करावी लागत नाही, ती घरातच ऐकलेली असते.

त्याच वर्षी कलकत्त्यात वीस वर्षांची एक मुलगी विद्वानांच्या सभेत उभी राहिली. प्रश्न संस्कृतात आले, उत्तरंही तिने संस्कृतातच दिली. बायकांनी संस्कृत शिकू नये असं मानणाऱ्या काळात सभेने तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तिचं नाव रमा डोंगरे.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी मला त्या शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. शेगावच्या गोष्टीत माणूस सुरुवातीपासूनच जमिनीवर बसलेला आहे. कलकत्त्याच्या गोष्टीत तो सभेच्या सगळ्यात उंच आसनावर आहे आणि तिथून खाली यायला त्याला पुढची चव्वेचाळीस वर्षं लागणार आहेत. ख्रिस्ती आयुष्यात ज्याला नम्र सेवा म्हणतात, ती समजून घ्यायला मला ही दुसरी गोष्ट जास्त उपयोगी वाटते. ज्याच्याकडे खाली ठेवण्यासारखं काही आहे, त्याच्या नम्रतेचीच खरी परीक्षा होते.

सेवा हा शब्द आपल्याला नवा नाही. शेगावला गेलेल्या प्रत्येकाने पांढऱ्या पोशाखातले सेवेकरी पाहिले आहेत. कोणी झाडतंय, कोणी चपला सांभाळतंय, कोणी रांगेत पाणी देतंय. घरी तो शेतकरी असेल, शिक्षक असेल किंवा मोठ्या हुद्द्यावरचा अधिकारी, तिथे ते विचारलं जात नाही. अंगमेहनतीची ही सेवा आपल्याला पटकन कळते. पण एखाद्याची सगळ्यात मोठी कमाई त्याची विद्वत्ता असेल, तर ती देवापुढे कशी ठेवायची? झाडू हातात घेऊन विद्वत्ता विसरायची की तिलाच झाडू करायचं?

मेहकरवरून गेलेली वाट

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या भागात सातशे वर्षांपूर्वी दिलं गेलं होतं. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी तेराव्या शतकात वऱ्हाडात फिरले. त्यांच्या आठवणींचा ग्रंथ म्हणजे ‘लीळाचरित्र’. त्यात मेहकर येतं, लोणार येतं, म्हणजे आज आपण एसटीने जातो ती गावं. हा ग्रंथ म्हाइंभटांनी अमरावतीजवळच्या रिद्धपूरला बसून सिद्ध केला आणि तो मराठीत आहे.

तो मराठीत का, याची एक गोष्ट पंथात सांगितली जाते. चक्रधरांच्या मागे नागदेवाचार्य पंथाचे प्रमुख झाले. केशोबास संस्कृतचे जाणकार होते, त्यांना संस्कृतात लिहायचं होतं. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. कारण सांगितलं ते इतकंच, की स्वामींच्या म्हाताऱ्या बायकांना संस्कृत येत नाही. तुम्ही संस्कृतात लिहिलंत तर त्या बिचाऱ्या वंचित राहतील.

मराठी भाषा मोठी आहे किंवा तिला राजाश्रय हवा, असा हा युक्तिवाद नाही. एक म्हातारी आहे, तिला कळलं पाहिजे, एवढंच आहे. ग्रंथ कोणासाठी, हे आधी ठरलं आणि भाषा त्यावरून ठरली. विद्वानाने आपली विद्वत्ता म्हातारीच्या उंचीपर्यंत खाली आणायची.

रमाबाईंनी ही गोष्ट ऐकली होती का, याने काही बिघडत नाही. त्या वेगळ्या रस्त्याने, वेगळ्या धर्मातून आणि बऱ्याच ठेचा खाऊन याच जागी पोचल्या.

जिल्हा ओस पडला तेव्हा

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वऱ्हाडावर लागोपाठ दोन दुष्काळ आले. पहिला १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. कापसाचा आणि काळ्या मातीचा हा सुपीक प्रदेश त्यात मोडून पडला. १९०१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. माणसं मेली, माणसं गाव सोडून गेली आणि मुलं रस्त्यावर राहिली.

‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकी मिशनने अकोला आणि खामगाव भागात आधीच काम सुरू केलं होतं. दुष्काळात अकोल्याला मुलांसाठी आणि खामगावला मुलींसाठी त्यांनी अनाथाश्रम चालवले. पुढे विसाव्या शतकात ‘चर्च ऑफ द नाझरीन’ या दुसऱ्या मिशनने बुलढाणा-वाशिम पट्ट्यात काम केलं. वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल हे त्यांचंच. आपल्याकडच्या जुन्या चर्चच्या इमारती, मिशन कंपाउंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागा आणि नर्सला ‘सिस्टर’ म्हणायची सवय, या सगळ्यामागे हा इतिहास आहे.

अकोल्यात काम करणाऱ्यांत जेनी फुलर नावाच्या बाई होत्या. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या हालांवर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, ‘द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड’. ते १९०० मध्ये आलं. त्याची प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. हेलन डायर या लेखिकेने पुढे या दोघींचीही चरित्रं लिहिली. वऱ्हाडातल्या दुष्काळग्रस्त मुली आणि पुण्याजवळचं केडगाव ही एकाच गोष्टीची दोन टोकं होती, हे या धाग्यावरून कळतं.

१८९६ मध्ये रमाबाई स्वतः वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्य प्रांतात गेल्या. उपाशी, एकट्या पडलेल्या, विकल्या जाण्याच्या बेतात असलेल्या मुली आणि बालविधवा त्यांनी तिथून गोळा केल्या. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं होतं. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांमधून पुराणं सांगत फिरायचं. १८७४ मध्ये, दक्षिणेत अन्नान्नदशा झालेली असताना, थोड्या थोड्या अंतराने आई-वडील गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास झाडपाला खाऊन जगले आणि पायी चालत राहिले. कलकत्त्याच्या त्या सभेपर्यंत ही पोरं चालत पोचली होती.

फुलहॅमचा प्रश्न

पुढचं आयुष्य भराभर सांगता येईल. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-डॉक्टर आणि स्त्री-शिक्षिकांची गरज मांडली. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण झालं नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

का घेतला, याचं उत्तर त्यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात आहे. लंडनमध्ये फुलहॅमला वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींचं एक घर होतं. ज्या बायकांना समाज ‘वाईट चालीच्या’ म्हणायचा, त्यांची तिथे देखभाल व्हायची. रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांना ममतेने जवळ करणारं कोणी असतं, हे त्यांनी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एका भगिनीला विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल त्या भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईशी येशू बोलतो आणि तिच्याचकडे प्यायला पाणी मागतो, ती गोष्ट.

त्या गोष्टीत देणारा आधी मागतो. बाई हलक्या समजल्या जाणाऱ्या समाजातली आहे, तिचं वागणं लोकांच्या डोळ्यात आहे आणि तिच्या हातचं पाणी पिणं त्या काळी निषिद्ध आहे. आपल्याकडे विहिरीचा आणि पाण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पुराणांच्या हजारो गोष्टी तोंडपाठ असलेल्या बाईला या एका गोष्टीने गाठलं.

पण यावरून त्या मऊ, मान डोलावणाऱ्या भक्त झाल्या असं समजू नका. चर्चने सांगितलेला प्रत्येक सिद्धांत त्यांनी प्रश्न विचारून तपासला. त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला की कळतं, या बाईला गप्प बसवणं कोणालाच जमत नव्हतं. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असं हिंदुस्थानातल्या बिशपांनी सुचवलं, तेव्हा त्यांनी ते मुकाट मान्य केलं नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, यावरूनही वाद झाला. लॅटिन आपल्या लोकांना कळत नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

हा वाद लहानसा दिसतो, पण पुढच्या सगळ्याचं बीज त्यात आहे. रमाबाई देवापुढे नमल्या. देवाच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येक माणसापुढे मात्र नमल्या नाहीत. नम्रता आणि दबून राहणं यांची आपण सर्रास गल्लत करतो, विशेषतः बायकांच्या बाबतीत. रमाबाईंचं आयुष्य ही गल्लत करू देत नाही.

धर्म मिळाला, पण

अमेरिकेतल्या मदतीवर त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं. उच्चवर्णीय बालविधवांसाठी शाळा आणि घर. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. धर्मशिक्षण द्यायचं नाही ही अट होती आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती.

बाप्तिस्म्याला आठ वर्षं होऊन गेल्यावर, १८९१ च्या सुमारास त्यांना काहीतरी उणं वाटू लागलं. आत्मकथनात त्या जे सांगतात त्याचा आशय असा : मला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. विचार करून, पटवून घेऊन त्या ख्रिस्ती झाल्या होत्या. बुद्धीने जे कमवायचं ते कमवून झालं होतं. आता त्यांना कळलं की इथे काही कमवायचंच नाही. जे मिळतं ते आपली लायकी न बघता मिळतं आणि हात रिकामे करून घ्यावं लागतं.

आपण वाढ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे चढण असते. नोकरीत बढती, गेममध्ये लेव्हल, रेझ्युमेत आणखी एक ओळ. ख्रिस्ती परंपरेत आध्यात्मिक वाढीचं चित्र नेमकं उलटं आहे. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताचं वर्णन येतं ते स्वतःला रिकामं करून दासाचं रूप घेणारा म्हणून. योहानाच्या तेराव्या अध्यायात तो कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. तिथे जो वाढतो तो उतरत जातो. रमाबाईंची १८९१ नंतरची तीस वर्षं या उतरणीची आहेत.

पहिल्यांदा गेली ती प्रतिष्ठा. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करायच्या, काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकर आणि इतरांनी सल्लागारपद सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. सल्लागारांची बाजूही समजून घ्यायला हवी. धर्माबाबत तटस्थ राहू, या शब्दावर त्यांनी आपलं नाव संस्थेमागे उभं केलं होतं. रमाबाईंचं म्हणणं, मी कोणावर सक्ती केली नाही, पण माझा देव लपवूनही ठेवणार नाही. पुण्याच्या सुशिक्षित समाजाने दहा वर्षांपूर्वी ज्यांचं स्वागत केलं होतं, त्या आता त्याच समाजात परक्या झाल्या.

केडगावची माणसं

पुणे-दौंड लोकलने जाताना केडगाव स्टेशन लागतं. तिथल्या ओसाड माळावर रमाबाईंनी जमीन घेतली होती. दुष्काळातल्या मुली आल्या, १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला आणि मुक्काम केडगावला हलला. २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्ती मिशनचा समर्पणविधी झाला.

१९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या आणि मुक्तीतल्या माणसांचा आकडा सुमारे दोन हजारांवर गेला. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी सुरू झालं होतं. मुक्तीत कोणत्याही जातीची मुलगी आली. फुलहॅमची आठवण म्हणून ‘कृपा सदन’ निघालं. वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठी ‘प्रीती सदन’ निघालं. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाऊ लागलं. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, गाई आल्या, हातमाग लागले, तेलाचा घाणा लागला, छापखाना उभा राहिला. कामं सगळ्या बायकाच करत. रमाबाई स्वतः पांढरं सुती लुगडं नेसत आणि शाकाहारी जेवत. ख्रिस्ती झाल्यावर इंग्रजी पेहराव करायला हवा असं त्यांना कधीच वाटलं नाही.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत मोठी आध्यात्मिक जागृती झाली. मुली रात्र रात्र प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, मोठमोठ्याने देवाला हाका मारू लागल्या. जगभरच्या ख्रिस्ती नियतकालिकांत त्याच्या बातम्या आल्या. शिस्तप्रिय मिशनऱ्यांना तो गोंधळ वाटला. रमाबाईंनी मात्र तो थांबवला नाही. या मुलींनी आपल्याच पद्धतीने देवाशी बोलावं, विद्वान बाईच्या पद्धतीने नव्हे, असं त्यांचं वागणं होतं.

आणि साधारण याच काळात त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात लांबलेलं काम हाती घेतलं.

खिळा खिळा जुळवत

बायबल मराठीत आधीपासून होतं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘ख्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध काव्य १६१६ मध्ये छापलं गेलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम कॅरी यांनी सेरामपूरहून भाषांतरं काढली, मग मुंबईच्या अमेरिकन मिशनने आणि बायबल सोसायटीने काढली. मंडळ्यांमध्ये एक आवृत्ती रुळली होती. मग नवीन कशाला?

रमाबाईंचा आक्षेप दुहेरी होता. एक, ही भाषा संस्कृतप्रचुर आहे. मुक्तीतल्या नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बाईला ती वाचता येते, पण कळत नाही. दोन, भारदस्त म्हणून वापरलेल्या बऱ्याच शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचे आणि पुराणकथांचे अर्थ चिकटलेले आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोक्यात भलतंच चित्र उभं राहतं. हा दुसरा आक्षेप घ्यायला माणूस संस्कृतातच मुरलेला लागतो. शब्दाच्या पोटात काय काय दडलंय हे त्यांना दिसत होतं, कारण त्या त्याच शब्दांवर वाढल्या होत्या.

म्हणजे पाहा. ज्या संस्कृतने त्यांना पंडिता केलं, ते बाजूला कसं काढायचं हे ठरवायलाच त्यांना सगळं पांडित्य लागलं. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्यात एक अनुभव सगळ्यांचा असतो : सिस्टिम ज्याला सगळ्यात खोल कळते, त्यालाच तिच्याबद्दल सोपं लिहिणं सगळ्यात जड जातं. अवघड शब्द हे त्याचं घर असतं. तिथून बाहेर येऊन नवख्याच्या खुर्चीत बसायचं, तर आपण किती जाणतो हे दाखवायची हौस आधी सोडावी लागते.

इंग्रजी भाषांतरावरून मराठी करणं सोपं गेलं असतं. रमाबाईंनी तसं केलं नाही. चाळिशी उलटल्यावर त्यांनी जुन्या करारासाठी हिब्रू आणि नव्या करारासाठी ग्रीक या भाषा नेटाने अभ्यासल्या, मूळ पाठ समोर ठेवला, कोश लावले आणि ओळीमागून ओळ सोपी मराठी बसवत गेल्या. संस्थेत दोन हजार माणसांचं रोजचं जेवण, आजार, पैसे, पत्रं हे सगळं चालू असताना. ऐकू येणं दिवसेंदिवस कमी होत असताना. हे काम दीडेक दशकाहून जास्त चाललं.

आणि छपाई मुक्तीतच. जुन्या छापखान्यात देवनागरी जुळवणं म्हणजे काय, हे आज मोबाइलवर बोटाने टाइप करताना लक्षात येत नाही. सुटी अक्षरं, जोडाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या, सगळ्याचे शिशाचे वेगळे खिळे. खणांच्या पेटीतून एकेक खिळा उचलायचा, उलटा वाचायचा, ओळीत बसवायचा. प्रूफ काढायचं, चुका दुरुस्त करायच्या, फर्मा छापायचा, खिळे सोडवून पुन्हा खणात टाकायचे. हे काम करणाऱ्या मुली म्हणजे दुष्काळातून आलेल्या, बालपणी विधवा झालेल्या, टाकून दिलेल्या. ज्यांना कळावं म्हणून पुस्तक सोपं केलं, त्यांनीच ते जुळवलं, छापलं आणि बांधलं.

संपूर्ण बायबलचं भाषांतर एकट्या बाईने करण्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत. अमेरिकेतल्या ज्युलिया स्मिथ यांचं इंग्रजी भाषांतर १८७६ मध्ये छापलं गेलं. त्यानंतर ठळकपणे घ्यावं असं नाव केडगावच्या रमाबाईंचं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईच्या पश्चात संस्था सांभाळणार ती हीच, असं सगळे धरून चालले होते. रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. काम पुरं होईतो आयुष्य दे अशी त्यांनी प्रार्थना केली आणि शेवटची प्रुफं हातावेगळी झाल्यावर त्या गेल्या, असं मुक्तीत सांगितलं जातं. ५ एप्रिल १९२२ ही ती तारीख. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये. ते हातात घ्यायला त्या नव्हत्या.

टिळकांची दुसरी वाट

याच काळात दुसरे एक मराठी ख्रिस्ती नेमकं उलट करत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. मराठी माणसाला ख्रिस्त कळायचा तर तो अभंगातून, ओवीतून, कीर्तनातून कळेल, असं त्यांचं मत. जुन्या शब्दांना चिकटलेले अर्थ रमाबाईंना अडचण वाटले, टिळकांना तेच पूल वाटले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यांची खाली ठेवण्याची वस्तू वेगळी होती, ती म्हणजे विदेशी मिशनच्या छत्राखालची सुरक्षितता. १९१९ मध्ये ते गेले. अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

मराठी वाचकांच्या तोंडी टिळक जास्त राहिले, हे मान्य करायला हवं. त्यांची गाणी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. रमाबाईंच्या बायबलचं तसं झालं नाही. मंडळ्यांनी आपली सवयीची आवृत्ती सोडली नाही. बायबल सोसायटीचं भाषांतरच चालत राहिलं आणि रमाबाईंचं बायबल मुख्यतः अभ्यासकांच्या आणि मुक्तीच्या आठवणीत उरलं.

इतक्या वर्षांचं काम, आणि ते फारसं कोणी वापरलं नाही. आमच्या भाषेत याला अपयश म्हणतात. किती डाउनलोड झाले यावरच काम मोजायची आम्हाला सवय आहे. पण रमाबाईंनी हिशोब वेगळा धरला होता. बाजारात कोणती आवृत्ती चालते हा त्यांचा प्रश्न नव्हता. समोरच्या खोलीत बसलेल्या, नुकतं वाचायला शिकलेल्या बाईला देवाचं वचन तिच्या शब्दांत मिळतंय का, एवढाच होता. त्या बाईला ते मिळालं. नम्र सेवेचा हा भाग सगळ्यात कठीण असावा : सगळं पणाला लावून काम करायचं आणि ते जगात टिकेल की नाही, हे देवावर सोपवून द्यायचं.

न सुटलेली गाठ

इथे एक अवघड गोष्ट टाळता येणार नाही. उपाशी मुलीला भाकरी दिली, घर दिलं आणि त्याच घरात धर्मही मिळाला, तर तिने तो निवडला असं म्हणायचं का? मुक्तीतल्या आणि खामगाव-अकोल्याच्या अनाथाश्रमांतल्या मुलांबद्दल हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आजही विचारला जातो. तो विचारणं रास्त आहे. देणारा आणि घेणारा यांच्यात उंचीचा फरक असतोच, देणारा कितीही नम्र असला तरी.

रमाबाईंच्या कामात या उंचीचं भान दिसतं. त्यांनी मुलींना फक्त पोसलं नाही. हाताला काम शिकवलं, वाचायला शिकवलं, छापखाना त्यांच्या ताब्यात दिला. आणि जो ग्रंथ त्यांच्या आयुष्याचा आधार होणार होता, तो कोणा पाळकाने समजावून सांगावा लागू नये इतका सोपा करायचा प्रयत्न केला. ज्याला मूळ वाचता येतं, त्याला प्रश्नही विचारता येतो. स्वतः त्यांनी बिशपांना प्रश्न विचारले होतेच. याने गाठ पूर्ण सुटत नाही. पण सोपी भाषा ही नुसती दया नसते, दुसऱ्याच्या हाती दिलेला अधिकारही असतो, हे यातून दिसतं.

नागदेवाचार्यांनी म्हाताऱ्यांचं नाव घेऊन केशोबासांना थांबवलं, तेव्हा त्यांच्या मनातही हेच असणार. ज्ञान ज्यांच्या भाषेत असतं, ते त्यांच्या मालकीचं होतं. विद्वान लोक ते आपल्या भाषेत ठेवतात, तोवर बाकीच्यांना त्यांच्या दारी जावं लागतं.

रमाबाईंना लोक शेवटपर्यंत पंडिताच म्हणत राहिले. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. ती माणसं, त्या पदव्या, ते पदक यांतलं फारसं काही त्यांनी शेवटच्या वर्षांत जवळ ठेवलेलं दिसत नाही. केडगावच्या खोलीत त्यांच्यासमोर होते हिब्रूचा कोश, ओल्या शाईची प्रुफं आणि बाहेर खिळे जुळवत बसलेल्या मुली. एखादा शब्द त्यांतल्या कोणाला अडला, तर दुरुस्ती मुलीत नाही, शब्दात करायची होती.